पेढीच्या हिशेब-यंत्रणेतील ईमेलची आवक-जावक

व्यापारी पेढीच्या कारभारात पत्रव्यवहाराचे स्थान रोजमेळ व खतावणी यांच्या खालोखालचे होय, ही गोष्ट आमच्या व्यापारी बंधूंस नव्याने सांगावयास नको. जुन्या पेढ्यांतून आलेल्या प्रत्येक पत्रावर तारखेचा शिक्का पडत असे, त्याचा क्रमांक आवक वहीत चढे, आणि जाणाऱ्या पत्राची नक्कल पातळ ओलसर कागदाच्या नक्कलवहीत दाबून घेतल्याखेरीज मुनीम ते पाकिटात घालीत नसे. कोणी, कोणास, केव्हा व काय कळविले याचा पुरावा पेढीत राहावा एवढाच त्या खटाटोपाचा हेतू होता. पुढे काळ पालटला. भाव कळविणारी तार जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. पोस्टकार्डावर दर कळविणारा आडत्या आज शोधूनही सापडणे कठीण. बिले, भावपत्रके, मालाच्या मागण्या आणि खात्याचे उतारे आता ईमेलने जातात. परंतु टपालाबरोबर जी शिस्त नांदत होती ती मात्र पुष्कळ पेढ्यांतून मागेच राहून गेली आहे, असे आमच्या पाहण्यात येते.

नेहमीचे चित्र असे. बिल संगणकातील हिशेब-प्रणालीत तयार होते. कारकून त्याची पीडीएफ प्रत काढतो आणि आपल्या स्वतःच्या खासगी जीमेल पत्त्यावरून ती गिऱ्हाईकास धाडतो. गिऱ्हाईकाचे उत्तर, त्याची तक्रार, ‘चार पोती ओली निघाली, तेवढी रक्कम कापून घेतो’ ही सूचना, सारे त्याच खासगी पत्त्यावर येते. मालकास यातील काहीच दिसत नाही. पुढे तो कारकून नोकरी सोडतो आणि पेढीचा पाच-सात वर्षांचा पत्रव्यवहार त्याच्या खिशातील फोनबरोबर उंबरठा ओलांडून जातो. नक्कलवही घरी नेणाऱ्या मुनिमास जुन्या काळी कोणत्या पेढीने एक दिवस तरी ठेवून घेतले असते?

यावर उपाय म्हणजे ईमेलची आवक-जावक हिशेब-प्रणालीतच बसविणे. तसे केले म्हणजे बिल जेथे तयार होते तेथूनच ते रवाना होते, त्याची नोंद त्या बिलाखालीच राहते आणि येणारे उत्तरही तेथेच येऊन बसते. अशा प्रणाली अनेक आहेत. या लेखापुरती आम्ही ईआरपीनेक्स्ट ही मुंबईत निर्माण झालेली व मुक्त परवान्याने कोणासही वापरता येणारी प्रणाली डोळ्यांपुढे ठेविली आहे. ओडू वा अन्य प्रणालीत पडद्यावरील शब्द बदलतील. तत्त्व बदलणार नाही. ज्यांच्याकडे टॅली आहे त्यांना निदान जावकीचा भाग उपयोगी पडावा.

प्रथम नावाचा विचार करावा. ईमेल पत्त्यातील ‘ॲट’ या चिन्हानंतरचा भाग म्हणजे डोमेन. ती पेढीची पाटी होय. दुकानावर दुसऱ्याची पाटी लावून आपण धंदा करीत नाही. मग पत्रावर ती का चालावी? स्वतःच्या नावाचे डोमेन दर वर्षास भाडे भरून मिळते. ते नोंदविताना पेढीचे किंवा मालकाचे नाव व पत्ता द्यावा. संगणक दुरुस्त करावयास येणाऱ्या गृहस्थांच्या नावावर ते कदापि घेऊ नये. त्याच्या नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या परवान्याप्रमाणे पंचांगात लिहून ठेवावी. मुदत टळली की पत्रे येणे-जाणे थांबते, आणि ठरावीक अवधी उलटल्यावर तेच नाव तिऱ्हाइतास विकत घेता येते. तो तिऱ्हाईत मग आपल्या गिऱ्हाइकांची पत्रे स्वतः घेत बसतो. पत्तेही व्यक्तीच्या नावाने न काढता कामाच्या नावाने काढावेत: विक्री, खरेदी, हिशेब. माणूस बदलला तरी पत्ता पेढीचाच राहतो.

आता यंत्रणेकडे वळू. आवक व जावक यांची दारे निरनिराळी आहेत, आणि पहिला घोटाळा या दोहोंस एक समजण्यातून होतो. जावकीच्या रीतीस एसएमटीपी म्हणतात. तिचे नियम १९८२ साली ठरले आणि थोड्याफार भरीने आजही तेच चालतात. आपली प्रणाली या रीतीने पत्र टपाल-सेवेच्या संगणकाकडे सोपविते आणि तो संगणक ते गिऱ्हाईकाच्या टपाल-सेवेकडे पोचवितो. आवकीच्या रीती दोन. पॉप ही जुनी. ती साधारणतः पेटीतील पत्रे उचलून आपल्या संगणकावर आणते आणि पेटी रिकामी करते. आयमॅप ही दुसरी; ती पत्रे पेटीतच ठेवून त्यांची प्रत दाखविते. मालक फोनवर, कारकून संगणकावर आणि हिशेब-प्रणाली स्वतः, अशी तिघे एकच पेटी पाहत असतील तेथे आयमॅपच निवडावी.

ईआरपीनेक्स्टमध्ये आधी ‘ईमेल डोमेन’ हा तक्ता भरावयाचा असतो. त्यात टपाल-सेवेच्या आवक व जावक संगणकांची नावे आणि पोर्ट क्रमांक येतात. पोर्ट म्हणजे त्या संगणकाच्या इमारतीतील खिडकीचा क्रमांक, असे समजावे. आयमॅपची सुरक्षित खिडकी ९९३. जावकीच्या खिडक्या दोन: ५८७ व ४६५. पहिल्या खिडकीवर बोलणे साध्या भाषेत सुरू होऊन लगेच गुप्त लिपीत वळते, म्हणून तिच्यासाठी ‘टीएलएस’ या चौकटीत खूण करावी. दुसरीवर आरंभापासूनच गुप्त लिपी असते, म्हणून तिच्यासाठी ‘एसएसएल’ची खूण करावी. या खुणांची अदलाबदल झाली की पडदा नुसता फिरत राहतो व शेवटी जोडणी होत नाही असे सांगतो. अशा वेळी संकेतशब्द पुनःपुन्हा बदलण्यात काही अर्थ नसतो. २५ क्रमांकाची खिडकी टपाल-संगणकांच्या आपापसातील देवघेवीसाठी आहे. आपण तिच्या वाटेस जाऊ नये. हे आकडे आम्ही मराठीत छापले असले तरी यंत्रात ते इंग्रजी अंकांतच भरावयाचे आहेत.

त्यानंतर ‘ईमेल अकाउंट’ हा तक्ता. यात पत्ता व संकेतशब्द येतो, आणि येथेच बहुतेकांची गाडी अडते. जीमेलच्या खासगी खात्यात रोजचा संकेतशब्द घालून बाहेरील प्रणाली जोडण्याची सोय गूगलने ३० मे २०२२ पासून बंद केली. आता त्या खात्यास दुहेरी पडताळणी लावून खास त्या प्रणालीसाठी सोळा अक्षरांचा वेगळा संकेतशब्द काढावा लागतो. तो एकदाच दिसतो. यंत्रात भरावा व विसरावा. त्याचा लाभ असा की, पुढेमागे ती जोडणी तोडावयाची झाल्यास तेवढा एक संकेतशब्द रद्द केला म्हणजे झाले, मुख्य खात्यास धक्का लागत नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या व्यापारी खात्यांसाठी आयमॅप व पॉपवरील साध्या संकेतशब्दाची रीत ऑक्टोबर २०२२ पासून मोडीत काढावयास आरंभ केला. तेथे ‘ओऑथ’ नावाच्या परवानगी-पत्राची पद्धत वापरावी लागते. ते काम जाणत्याकडून करून घेणे बरे.

याच तक्त्यात दोन खुणा विसरू नयेत. एक ‘डिफॉल्ट आउटगोइंग’. म्हणजे दुसरे काही सांगितले नसेल तेव्हा कोणत्या पत्त्यावरून पत्र जावे. दुसरी, पाठविणारा म्हणून नेहमी याच खात्याचा पत्ता दाखवावा अशी. ही दुसरी केली नाही तर जो कारकून बिल धाडतो त्याचा खासगी पत्ता पाठविणारा म्हणून उमटतो आणि पत्र मात्र पेढीच्या टपाल-सेवेतून जाते. पाकिटावर एकाचे नाव व शिक्का दुसऱ्या गावचा, असे पत्र कोणाही टपाल-सेवेस संशयास्पद वाटावयाचेच.

बिल धाडताक्षणी ते गेले असे समजू नये. प्रणाली प्रथम ते ‘ईमेल क्यू’ नावाच्या रांगेत ठेवते, आणि ठरावीक वेळाने फिरणारा तिचा अंतर्गत हरकाम्या रांगेतील पत्रे उचलून रवाना करतो. पत्रे रांगेत साचून राहिली असतील तर बहुधा हा हरकाम्या, ज्यास शेड्युलर म्हणतात तो, बंद पडलेला असतो. रांगेत ‘सेंट’ असे दिसले तरी त्याचा अर्थ इतकाच की, पत्र आपल्या टपाल-सेवेने स्वीकारले. गिऱ्हाईकाने ते उघडले असा नव्हे. रोजच्या पत्रांस मर्यादाही असते. जीमेलच्या खासगी खात्यातून दिवसास सुमारे ५००, आणि गूगलच्या व्यापारी सेवेतून २००० पत्रे जातात. दिवाळीस सर्व गिऱ्हाइकांस शुभेच्छापत्रे धाडण्याची हौस पुष्कळांस असते. ती बिलाच्याच पत्त्यावरून भागविली तर मर्यादा संपते, आणि ऐन पाडव्याच्या विक्रीची बिले रांगेत खोळंबून बसतात. शुभेच्छांसाठी वेगळा पत्ता ठेवावा हे उत्तम.

येथे एक सूचना विशेष करून. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांमधील विक्रीच्या बिलास सरकारी दप्तरातून आयआरएन क्रमांक व क्यूआर चिन्ह घेणे आवश्यक आहे. त्यावाचून दिलेले बिल कायद्याने बिलच समजले जात नाही. आता प्रणालीत ‘नोटिफिकेशन’ नावाची अशी सोय आहे की, बिल कायम होताच ते आपोआप ईमेलने जावे. ती तशीच लावली तर क्रमांक मिळण्यापूर्वीच बिल गिऱ्हाईकाच्या हाती पडते, आणि त्याचा हिशेबनीस ते परत धाडतो. यास्तव पत्र निघण्याची अट ‘बिल कायम झाले’ अशी न ठेवता ‘आयआरएन भरला गेला’ अशी ठेवावी. दुसरी बाब लहान पण लाजेची: ज्या संगणकावर पीडीएफ तयार होते त्यावर देवनागरी वा कन्नड टंक बसविलेले नसतील तर पेढीच्या नावाच्या जागी नुसते चौकोन छापले जातात. आमच्या बेळगाव भागात, जेथे एकाच बिलावर दोन-तीन लिप्या नांदतात, हे आधी तपासून घ्यावे.

आवकीचे काम जावकीहून नाजूक आहे. रविवार पेठेतील एखाद्या पेढीचे बिल म्हापशाच्या दुकानदारास गेले आणि त्याने त्यास उत्तर लिहिले, तर ते उत्तर नेमक्या त्या बिलाखाली कसे येऊन पडते? प्रत्येक ईमेलच्या पाठीवर, वाचणाऱ्यास न दिसणारा, एक स्वतंत्र ओळख-क्रमांक असतो. उत्तर लिहिले की मूळ पत्राचा क्रमांक उत्तराच्या पाठीवर आपोआप लिहिला जातो. प्रणाली तो वाचते आणि जुना मुनीम ‘आपले पत्र क्रमांक अमुक’ पाहून फाइल काढी, तशी ती जुळणी करते. म्हणूनच गिऱ्हाईकास विनंती करावी की, आलेल्या पत्रासच उत्तर द्यावे, नवे पत्र सुरू करू नये. नव्याने आलेल्या पत्रांसाठी ‘अपेंड टू’ ही सोय आहे: विक्रीच्या पत्त्यावर आलेले नवे पत्र ‘लीड’, अर्थात् होतकरू गिऱ्हाईक म्हणून नोंदवावे, तक्रारीच्या पत्त्यावरचे ‘इश्यू’ म्हणून, असे तेथे सांगता येते.

आवक मधूनच बंद पडल्याची तक्रार पुष्कळदा ऐकू येते, आणि तिचे कारण पुष्कळदा मालकच असतात! ‘फक्त न वाचलेली पत्रे आणावीत’ अशी आज्ञा प्रणालीस दिलेली असते. मालक पहाटे उठून फोनवर सारी पत्रे वाचून काढतात. ती ‘वाचलेली’ ठरली की प्रणाली त्यांना हात लावीत नाही. मालकांची सवय मोडणे आमच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे ‘सर्व पत्रे आणावीत’ ही आज्ञा द्यावी, हेच इष्ट.

इतके झाले तरी पत्र गिऱ्हाईकाच्या स्पॅममध्ये, म्हणजे टाकाऊ पत्रांच्या कप्प्यात, पडू शकते. आणि तेथे पडलेले बिल म्हणजे एक महिन्याने लांबलेली वसुली. याचे मूळ असे की, एसएमटीपीच्या मूळ नियमांत पाठविणाऱ्याचे नाव खरे की खोटे हे तपासण्याची तरतूदच नव्हती. पाकिटामागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसे होते. पुढे तीन उपाय निघाले. आपल्या डोमेनच्या डीएनएस नोंदीत, म्हणजे जगास खुल्या असलेल्या पत्त्यांच्या वहीत, तीन ओळी लिहून ते अमलात येतात. पहिली ओळ एसपीएफ. हिच्यात आमच्या नावाने कोणत्या संगणकांनी पत्र धाडावे ते सांगितलेले असते. अशी ओळ एका डोमेनास एकच असावी. टपाल-सेवा बदलताना जुनी तशीच ठेवून दुसरी लिहिणे हा दोष फार आढळतो, आणि त्यामुळे दोन्ही निकामी होतात. दुसरी ओळ डीकेआयएम. हिच्यामुळे प्रत्येक पत्रावर गुप्त किल्लीची लाख बसते. वाटेत मजकुरात फेरफार झाला तर लाख फुटलेली दिसते. तिसरी ओळ डीमार्क. पहिल्या दोन कसोट्यांस जे पत्र उतरत नाही त्याचे काय करावे हे ती सांगते: नुसते कळवावे, बाजूस ठेवावे, की दारातूनच परत लावावे. आरंभी ‘नुसते कळवावे’ यावर दोन-चार आठवडे काढून, आपली सर्व खरी पत्रे उतरत आहेत अशी खात्री पटल्यावर पुढची पायरी चढावी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांना या तिन्ही ओळी सक्तीच्या केल्या आहेत. लहान पेढीस ती सक्ती पुरी लागू नाही; पण सवलतीवर विसंबून राहण्यात शहाणपण नाही, कारण या ओळींना केवळ डाक वेळेवर पोचण्यापुरतेच महत्त्व नाही.

सांप्रत व्यापाऱ्यांवर जे मोठे अरिष्ट आहे ते असे. पुरवठादाराचे पत्र येते: ‘आमचे बँक खाते बदलले आहे, पुढील रक्कम नव्या खात्यात भरावी.’ बिल खरे, रक्कम खरी, भाषा नेहमीची. खाते तेवढे चोराचे. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियाच्या एका नागरिकाने तैवानच्या एका खऱ्या पुरवठादाराच्या नावाचीच कंपनी काढून, अशाच खोट्या बिलांनी फेसबुक व गूगल यांस मिळून बारा कोटी डॉलरांहून अधिक रकमेस फसविले; डिसेंबर २०१९ मध्ये त्यास अमेरिकेच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली. ज्यांनी साऱ्या जगाची टपाल-सेवा चालवावी त्यांची ही गत, मग आमच्या पेढ्यांनी किती सावध असावे!

चोराच्या वाटा तीन. एक, आपल्याच डोमेनाचे नाव खोटे लिहिणे. ही वाट डीमार्कची ओळ बऱ्याच अंशी बंद करते. दुसरी, एका अक्षराच्या फरकाचे डोमेन विकत घेणे. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ व ‘एन’ जोडून लिहिले तर घाईच्या नजरेस फरक कळत नाही, आणि येथे डीमार्कही काही करू शकत नाही, कारण ते डोमेन खरोखर चोराचेच असते. तिसरी वाट सर्वांत वाईट. संकेतशब्द चोरून खऱ्या पेटीतच शिरावयाचे, आणि काही ठरावीक पत्रे गुपचूप बाहेर धाडावीत असा नियम तेथे लावून, महिनोन्‌महिने वाचत राहावयाचे. म्हणून प्रत्येक खात्यास दुहेरी पडताळणी लावावी आणि पत्रे पुढे धाडण्याचे नियम दर महिन्यास उघडून पाहावेत. प्रणालीत पुरवठादाराचे बँक खाते बदलण्याचा अधिकार रक्कम चुकती करणाऱ्या कारकुनास देऊ नये. तो मालकाकडे असावा. आणि असे पत्र आले तर त्या पत्रातील नव्हे, तर आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करून घेतल्याखेरीज एक पैही सोडू नये. ‘शेठजींना उगाच कशाला त्रास’ असा भिडस्तपणा येथे कामाचा नाही. रक्कम गेलीच तर त्याच घटकेस १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी अडविता आले तर तेवढ्या वेळातच अडविता येतात.

पुराव्याच्या दृष्टीनेही थोडे लिहिणे प्राप्त आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या तेराव्या कलमाप्रमाणे, अन्य ठराव नसेल तर, ईमेल पाठविणाऱ्याच्या ताब्याबाहेरील संगणकात शिरले की ते ‘पाठविले’ असे होते. आणि घेणाऱ्याने एखादा पत्ता नेमून दिला असेल तर त्यावर ते शिरताच ‘पोचले’ असे होते. न नेमलेल्या पत्त्यावर धाडले तर मात्र त्याने ते उघडून घेतल्यावरच पोचले असे धरतात. म्हणून मागणीपत्रकात व वार्षिक करारात ‘बिले व सूचना या पत्त्यावर धाडाव्यात’ अशी ओळ दोन्ही बाजूंनी लिहून घ्यावी. उधारीचा वाद न्यायालयात गेल्यास १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे अशा पत्रांबरोबर विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. ज्या पेढीची पत्रे एकाच प्रणालीत, बिलागणिक लावलेली आहेत तिला ते देणे सोपे, आणि जिची चार कारकुनांच्या फोनमध्ये विखुरलेली आहेत तिला दुरापास्त.

सर्व मांडणी झाल्यावर चाचणी घ्यावी, आणि ती घाईच्या दिवसांत न घेता अमावास्येच्या सुटीसारख्या निवांत दिवशी घ्यावी. एक नमुन्याचे बिल दुसऱ्या टपाल-सेवेवरील आपल्याच पत्त्यावर धाडावे. तेथे ते मुख्य पेटीत आले की स्पॅममध्ये, हे पाहावे. जीमेलमध्ये पत्राचे मूळ रूप दाखविण्याची सोय आहे. तेथे एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ असा शब्द हवा. मग त्या पत्रास उत्तर लिहावे, आणि पाच-दहा मिनिटांनी ते प्रणालीत त्याच बिलाखाली उमटले की नाही हे पडताळावे. शेवटी डोमेन कोठे नोंदविले, नूतनीकरण केव्हा, टपाल-सेवेच्या व प्रणालीच्या मुख्य खात्यांच्या किल्ल्या काय, हे एका कागदावर हाताने लिहून, पाकीट मोहोरबंद करून तिजोरीत ठेवावे, आणि पाकीट कोठे आहे हे घरातील आणखी एका जबाबदार माणसास सांगून ठेवावे.